चार लोक काय म्हणतील?

त्या चार लोकांना मी अजून पाहिलेलं नाही, पण त्यांचं ऐकण्यात उभा जन्म गेला. हाफ पँट घालून दुकानात जाऊ नकोस, चार लोक काय म्हणतील. मुंजीच्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापू नका, चार लोकांत बरं दिसत नाही. बाल्कनीच्या ग्रीलला रंग कुठला लावायचा यावर आमच्या घरात आठवडाभर खडाजंगी झाली आणि शेवटी निकाल चार लोकांच्या बाजूने लागला. त्यांना चॉकलेटी आवडतो म्हणे.

बारशाला पेढा खाऊन 'नाव जरा जुनंच ठेवलं' म्हणणारे हेच. लग्नात तीनदा जिलबी घेऊन 'मठ्ठ्यात दम नव्हता' म्हणणारे हेच. आणि शेवटी खांदा द्यायला लागतात तेही चारच. मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ते राहतात कुठे, त्यांना दुसरं काही काम आहे की नाही, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर चार लोक काय म्हणतील?

पण चारच का? आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. म्हणजे परमेश्वर व्हायला पाच तोंडं लागतात आणि नुसतं नाव ठेवायला चार पुरतात, असा काहीतरी हिशेब आपल्या पूर्वजांनी घातला असणार. गंमत म्हणजे तो हिशेब बरोबर निघाला आणि तो पडताळून पाहणाऱ्या माणसाला आपल्या चार लोकांचा पत्ताही नव्हता.

सॉलोमन ॲश हा पोलंडमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच न्यूयॉर्कला गेलेला मानसशास्त्रज्ञ. १९५१ च्या सुमारास त्याने एक प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन. त्या तिघींतली पहिल्या कार्डावरच्या रेघेएवढी कोणती, एवढंच सांगायचं. बालवाडीतलं पोरही सांगेल. खोलीत सात-आठ तरुण, पण त्यातला एकच खरा. बाकीचे सगळे ॲशने पढवून बसवलेले. ते एकामागून एक खणखणीत आवाजात धादांत चुकीची रेघ सांगत जायचे आणि खऱ्या माणसाची पाळी शेवटाकडे यायची. एकटं बसवून विचारलं तेव्हा जवळपास कोणीच चुकत नव्हतं. या मंडळींत बसवल्यावर सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकली. चारांतल्या तिघांनी तर निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना घरी पाठवून लोकांचं खरं धरलं.

मग ॲशने पढवलेल्यांची संख्या कमीजास्त करून पाहिली. विरोधात एकच माणूस असला तर खरा माणूस ढिम्म हलायचा नाही. दोन झाले की थोडा चुळबुळायचा. तीन झाले की गडी वाकला. त्यापुढे पंधरा माणसं आणून बसवली तरी फारसा फरक पडेना. म्हणजे समोर तिघं असले की काम भागतं. तिघं ते आणि एक आपण. इतकी वर्षं ज्या चौथ्या माणसाला शोधत होतो, तो आपल्याच घरात बनियनवर चहा पीत बसलेला निघाला.

ॲशच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात. वय वर्षं सात. ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाच्या रात्री घरात एलिया प्रेषितासाठी वाइनचा एक जास्तीचा पेला भरून ठेवतात. काका म्हणाले, नीट बघ हं, पेल्यातली वाइन किंचित कमी होईल. पोराने डोळे ताणून पाहिलं आणि त्याला ती खरोखर कमी झालेली दिसली.

ज्यांना २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवतो, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. त्या पहाटे दिल्लीतल्या एका देवळात गणपती दूध प्यायला. दुपारपर्यंत देशभरातले गणपती प्यायला लागले आणि पाठोपाठ लंडनमधलेही. मोबाइल जवळपास नव्हतेच, व्हॉट्सॲप नव्हतं. एसटीडी बूथ आणि शेजाऱ्यांकडचा फोन एवढ्या भांडवलावर आपण हे करून दाखवलं. 'फॉरवर्ड' नावाची गोष्ट आपल्याला मोबाइलने शिकवली असं जे म्हणतात, त्यांनी तो दिवस पाहिलेला नाही.

आमच्या आळीतल्या देवळाबाहेर रांग लागली होती. प्रत्येकाच्या एका हातात फुलपात्र, दुसऱ्या हातात चमचा. बँकेतले साहेब, शाळा अर्ध्यावर सोडून आलेले मास्तर, मास्तर आले म्हणून आलेली पोरं. दूधवाल्याकडच्या पिशव्या बाराच्या आत संपल्या. घराघरांत बिनदुधाचा चहा आणि देवळात दुधाचा पूर. पूर हे मी शब्दशः म्हणतोय. मूर्तीवरून खाली आलेलं दूध गाभाऱ्याच्या फरशीवर साचलं होतं, त्यात लोकांचे पाय भिजत होते आणि त्याच ओल्या पायांवर उभे राहून लोक म्हणत होते, "बघा, कसं गायब होतंय!"

रांगेत आमच्या पुढे एक मावशी होत्या. त्यांनी चमचा सोंडेला लावला. दूध हललं नाही. मागे कुजबुज सुरू झाली.

"म्हशीचं आणलंत का?"

"तापवलेलं असेल."

"मनात काही किंतु धरू नका, मावशी."

मावशींनी डोळे मिटले, मनातला किंतु काढला असावा आणि चमचा केसभर तिरका केला. दूध गेलं. "प्याला!" सगळी रांग एका सुरात ओरडली. मावशी खोटं बोलल्या असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. त्या दिवशी शास्त्रज्ञ घसा फोडून सांगत होते की हा पृष्ठताणाचा आणि केशाकर्षणाचा प्रकार आहे, चमचा टेकला की दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली उतरतं. दुधात रंग कालवूनही दाखवला. सगळं पटण्यासारखं होतं. पण रांगेत मागे चाळीस माणसं चमचे घेऊन उभी असताना 'आमच्याकडचा प्यायला नाही' म्हणायला छाती लागते आणि वर आपल्याच दुधाला बट्टा लागतो तो वेगळाच.

अफवांच्या बाबतीत आपण जगाला काही दिलं आहे, हे मात्र फारसं कोणाला माहीत नसतं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या आपल्याकडच्या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. या अफवा होत्या अशा भागातल्या, जिथे हादरा बसला होता पण घरं पडली नव्हती. वाटेल, ही माणसं 'वाचलो बुवा' म्हणून दिलासा देणाऱ्या गोष्टी पसरवत असतील. छे! वादळ येणार, पूर येणार, चंद्रग्रहणाला पुन्हा धरणी हलणार, प्रलय होणार, असं एकाहून एक भयंकर चालू होतं. पुढे अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर हे वाचून चक्रावला. मग त्याला उलगडलं, की भीती तर वाटतेय आणि समोर भिण्यासारखं काही दिसत नाही, ही अवस्था माणसाला सोसत नाही. म्हणून तो भीतीला शोभेल असं कारण तयार करतो. यातून फेस्टिंगरने जी उपपत्ती मांडली ती जगभरच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत आहे. तेव्हा आता रात्री साडेअकराला 'नासाने सांगितलंय, आज रात्री मोबाइल उशाशी ठेवू नका' असा निरोप चुलतसासऱ्यांकडून आला तर चिडू नये. त्यांना आधीच झोप येत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

पण चार लोकांचा खरा कारभार बघायचा असेल तर दहा रुपयांचं नाणं खिशात घालून बाहेर पडावं. अगदी खणखणीत सरकारी नाणं. रिक्षातून उतरताना ते पुढे केलं.

"दहाचं नको, काका. नोट द्या."

"का? खोटं आहे का?"

"खोटं कशाला असेल? मला चालेल हो. पण पुढे कोणी घेत नाही."

पुढे म्हणजे नाक्यावरची भाजीवाली. तिच्याकडे गेलो, कोथिंबिरीची जुडी उचलली, नाणं दिलं. ती म्हणाली, "दादा, मी ठेवते, पण गिऱ्हाईक परत घेत नाही ना!" गिऱ्हाईक म्हणजे कोण? तर मी. आणि मी तर ते नाणं हातात घेऊन समोर उभा. म्हणजे रिक्षावाल्याला चालतं, भाजीवालीला चालतं, मला चालतं, आणि तरी नाणं चालत नाही! जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं, की दहाच्या नाण्याचे आजवर १४ नमुने काढले आहेत, रुपयाचं चिन्ह असलेले आणि नसलेले सगळेच चलनात आहेत. पण रिझर्व्ह बँक पडली एक. ती चार लोकांत मोडत नाही.

हे दुखणंही नवं नाही. डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट या जोडीने १९३१ मध्येच सिराक्यूज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांविषयी हेच लिहून ठेवलंय. वसतिगृहांच्या क्लबांत अमुक जातीधर्माच्या मुलांना घ्यावं का, असं विचारलं तर पुष्कळ जण म्हणायचे, माझी काही हरकत नाही हो, पण बाकीच्यांना चालणार नाही. बाकीचेही तेच म्हणत होते. आपल्याकडे भाड्याने घर शोधताना 'आमचं काही नाही, पण सोसायटीला चालत नाही' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना सिराक्यूजला जायची गरज नाही.

चार लोक नुसतं बोलतात असंही नाही, ते बघतातही. किंबहुना बघण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक माणूस उभा केला आणि त्याला समोरच्या इमारतीतल्या सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे बघत राहायला सांगितलं. खिडकीत काहीही नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी अवघे चार टक्के लोक थांबले. मग पंधरा माणसं उभी करून वर बघायला लावली. आता चाळीस टक्के थांबले, आणि न थांबता चालता चालता मान वर करणारे धरले तर आकडा ऐंशीच्या पुढे गेला. मिलग्रॅमला एवढी माणसं गोळा करावी लागली याचीच मला कीव येते. आपल्याकडे रस्त्यात खड्डा खणणारा एक जेसीबी पुरला असता. त्याचं खोरं खाली जातं, माती घेऊन वर येतं, पुन्हा खाली जातं. यात पुढे काय होणार हे पहिल्या खेपेलाच कळलेलं असतं. तरी डबा घेऊन निघालेली माणसं स्कूटरचा स्टँड लावून बघत उभी राहतात. पैकी एक जण हात करून ड्रायव्हरला 'अजून थोडं डावीकडे' असंही सांगतो.

खड्ड्यापर्यंत ठीक आहे, त्यात पैसे जात नाहीत. पण ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका दुचाकी विकणाऱ्या कंपनीने शेअर विक्रीला काढले. दोन शोरूम, आठ कर्मचारी. हवे होते साधारण बारा कोटी रुपये. लोकांनी मागणी नोंदवली सुमारे चार हजार आठशे कोटींची! एवढे लोक दुचाकीवर बसले असते तरी आठ जणांना चाव्या देता आल्या नसत्या. यातल्या किती जणांनी कंपनीचा ताळेबंद उघडला असेल, हा प्रश्न विचारणं म्हणजे सहाव्या मजल्यावर कोण राहतं असं विचारणं. लोक वर बघत होते, म्हणून लोकांनी वर पाहिलं.

आता याच्या बरोबर उलटा प्रकार. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी सकाळी सव्वासहाच्या सुमारास भरून वाहायला लागते. पाणी पाइपातून खाली पडतं, त्याचा आवाज तिन्ही विंगांत जातो. आमच्या घरात संवाद होतो तो असा.

"टाकी वाहतेय वाटतं."

"हं. वॉचमन बघेल."

वॉचमनच्या घरी काय संवाद होतो माहीत नाही. दहा मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर पाणी पडतानाचा फोटो येतो. मग व्हिडिओ, बी विंगमधून काढलेला, आवाजासकट. मग कोणीतरी 'काइंडली लुक इन्टू द मॅटर' लिहितं. त्याला सात अंगठे येतात. निवृत्त जोशीकाका पाण्याच्या टंचाईवर सुविचार टाकतात. त्याला हात जोडलेले येतात. पंपाचं बटण जिन्याखाली आहे, हे फोटो काढणाऱ्याला, अंगठा देणाऱ्याला आणि जोशीकाकांना, सगळ्यांना माहीत आहे.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी १९६८ मध्ये पाण्याऐवजी धूर सोडला होता, एवढाच फरक. खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर आत सोडायला सुरुवात केली. माणूस एकटा असेल तर चारांतले तिघं उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत ढिम्म बसून फॉर्म भरणारी दोन पढवलेली माणसं असतील तर दहांतला एकच उठला. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, कागदावरचा धूर हाताने बाजूला सारत होते आणि फॉर्म भरत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं वाफ असेल. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत हा प्रयोग केला असता तर लोक धुरातही आधार कार्डाची झेरॉक्स शोधत बसले असते. पण ते सोडा. मुद्दा असा, की प्रत्येक जण शेजाऱ्याचा चेहरा वाचत होता आणि शेजारी त्याचा. दोघांनीही चेहरे मख्ख ठेवले होते, कारण उगाच घाबरलेलं दिसलं तर चार लोकांत हसं व्हायचं.

खरं तर हसायला त्या चार लोकांना सवड नसते. कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि मंडळींचा २००० साली छापलेला एक प्रयोग आहे. तरुण मुलांना एका अगदी जुनाट वाटणाऱ्या गायकाचं तोंड छापलेला टीशर्ट घालायला लावून अनोळखी मुलांच्या खोलीत पाठवलं. शरमेने मेलेल्या त्या मुलांचा अंदाज होता, की निम्म्या लोकांनी टीशर्ट पाहिला असेल. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही ध्यानात आला नाही. हा प्रयोग मी घरात वाचून दाखवला, कारण पैठणी या वर्षात दुसऱ्यांदा नेसायची की नाही यावर चर्चा चालू होती. उत्तर आलं, "त्या मुलांना कोणी मावससासू नव्हती." मानसशास्त्राच्याही काही मर्यादा असतात.

राहिली सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी महाराष्ट्रातल्या अर्ध्या पार्किंगांमध्ये सतरंज्या पडलेल्या असतात. सभा दहाला. दहाला सचिव एकटेच असतात. कारण नोटिशीतच छापलेलं असतं, की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा घेतली जाईल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. त्यामुळे प्रत्येक जण खिडकीच्या पडद्याआडून पार्किंगमध्ये किती खुर्च्या भरल्या ते बघतो. बाकीचे त्याच्या खुर्चीकडे बघत असतात.

साडेदहाला खजिनदार हिशेब वाचायला उठतात. राखीव निधी, सिंकिंग फंड, तरतुदी, येणे बाकी, सस्पेन्स खातं. आकडे वाचून झाल्यावर चष्मा काढून विचारतात, "काही शंका?" शंका नसतात. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना मुद्दाम कोणालाच कळणार नाही असा एक लेख वाचायला दिला आणि सांगितलं, अडलं तर उठून विचारायला या. एकही उठला नाही. प्रत्येकाला वाटत होतं, मी विचारायला लाजतोय आणि बाकीचे विचारत नाहीत कारण त्यांना कळलंय. आमच्याकडे तर समोसे थंड होत असतात.

यंदा मात्र चौथ्या मजल्यावर नव्याने आलेल्या एक ताई उभ्या राहिल्या. "सस्पेन्स खात्यात हे पैसे आहेत, ते कुणाचे आहेत?"

शांतता पसरली. ॲशने एक गोष्ट आणखी पाहिली होती. पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी चुकणाऱ्यांचं प्रमाण एकदम चौथ्या हिश्शावर येतं. तसंच झालं. जोशीकाका म्हणाले, मलाही गेली चार वर्षं हेच विचारायचं होतं. बी विंगचे म्हणाले, सिंकिंग फंड म्हणजे बुडीत का? तिसरं कोणी म्हणालं, मग 'तरतुदी' म्हणजे काय तेही सांगून टाका. शेवटी खजिनदारांनीच कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "खरं सांगू का, मला ते खातं आधीच्या खजिनदारांकडून असंच मिळालं. त्यांना कळत असेल असं मला वाटलं." आधीचे खजिनदार दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी त्यांच्या आधीच्यांकडे पाहिलं.

लोकशाही उजाडली असं मला क्षणभर वाटलं. तेवढ्यात सचिवांनी घसा साफ केला.

"ताईंना हिशेबातलं बरंच कळतं असं दिसतंय. येत्या वर्षासाठी खजिनदार म्हणून मी त्यांचं नाव सुचवतो."

"अनुमोदन!" बी विंग म्हणाली.

ताई काहीतरी बोलत होत्या, पण टाळ्यांत ऐकू आलं नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक कोण, अनुमोदक कोण हे इतिवृत्तात व्यवस्थित नोंदलेलं आहे. ताईंना विचारलं होतं का, याची नोंद नाही.